त्रेपन्नाव्या किलोमीटरनंतरची खुर्ची

‘टाइम किती आला?’ हा प्रश्न धावणाऱ्याला शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळे विचारतात, आणि खरं सांगायचं तर उत्तर द्यायला आम्हालाही फार आवडतं. या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत) धावून आले, तेव्हा मात्र कोणी हा प्रश्न विचारला की मी हवापाण्यावर यायचे. ती शर्यत मी शर्यत म्हणून धावलेच नव्हते. जानेवारीत हाँगकाँगला शंभर किलोमीटर धावायचेत, त्याचा सराव म्हणून ही त्रेपन्न. हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे लग्नाआधी साखरपुड्यालाच एवढं जेवण?” उपमा तशी जमलेली नव्हती, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी अगदी खरी होती.

सरावासाठी शर्यत धावणं हा प्रकार मुळातच थोडा वाकडा आहे. नाटकवाले रंगीत तालीम करतात तेव्हा वेशभूषा, दिवे, संगीत सगळं असतं, पण तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो आणि शेजारी उभ्या असलेल्या नटाचीही ती तालीमच असते. आमच्याकडे तसं नाही. छातीवर नंबरचं बिब तेच, पायात वेळ मोजणारी चिप तीच, फोटोग्राफर तोच आणि आजूबाजूचे सगळे वर्षभर याच दिवसासाठी घाम गाळून आलेले. या गर्दीत ‘माझी आज तालीम आहे’ हे फक्त आपल्याला ठाऊक. कपाळावर तसं लिहिलेलं नसतं, आणि चढावर एखादा काका कापडी ट्रॅकपँट खसाखसा घासत पुढे निघून गेला की आपल्यालाही ते आठवेनासं होतं.

हाँगकाँग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. प्रत्यक्षात तिथली चाळीस टक्क्यांच्या आसपास जमीन डोंगर-उद्यानं म्हणून राखून ठेवलेली आहे. या डोंगरांतून मॅक्लेहोस ट्रेल नावाची शंभर किलोमीटरची वाट जाते. मॅक्लेहोस हे तिथले ब्रिटिश गव्हर्नर. वाट खुली झाली १९७९ मध्ये. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, तिथल्या गुरखा सैनिकांनी या वाटेवर चौघाचौघांच्या तुकड्या करून सराव सुरू केला. त्याचीच पुढे ‘ट्रेलवॉकर’ ही स्पर्धा झाली, १९८६ पासून सर्वसामान्यांनाही त्यात घेऊ लागले, आणि आज जगात कुठेकुठे त्या नावानं निधी उभा केला जातो. लष्कराच्या सरावानं तुडवलेली ही वाट आहे हे कळल्यावर मला ती जरा जवळची वाटू लागली. मी धावणार आहे ती ‘हाँगकाँग १००’ ही स्पर्धा २०११ पासूनची. तिचा बराचसा मार्ग याच वाटेवरून जातो.

नकाशा पाहिला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं होतं. शेवटच्या टप्प्यातले डोंगर म्हणजे नीडल हिल ५३२ मीटर, ग्रासी हिल ६४७ आणि सगळ्यात उंच ताइ मो शान, ९५७ मीटर. आपला तोरणा १४०३ मीटर. मग लक्षात आलं की तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे, जिथे आमची शर्यत संपते, तेच समुद्रसपाटीपासून सातेकशे मीटर वर आहे. हाँगकाँगमध्ये वाट पुन्हापुन्हा जवळजवळ समुद्रापर्यंत खाली येते आणि पुन्हा वर चढते. सगळा चढ मिळून पाच हजार मीटरांच्या वर जातो, आणि त्यातला बराच चढ सिमेंटच्या नि दगडी पायऱ्यांचा.

१८९२ साली विल्यम नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं डोंगरात चालण्याचा एक साधा हिशोब मांडला होता: तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईला वर एक तास. हाँगकाँगचे आकडे या हिशोबात घातले तर एकोणतीस तास येतात. तेही धडधाकट माणसाचे, कुठेही न बसता. म्हणजे एक आख्खी रात्र डोंगरात जाणार, आणि ते शेवटचे तीन डोंगर ऐंशी किलोमीटर पायाखालून गेल्यावर येणार. सराव करायचा तो कशाचा, हे या हिशोबानंच ठरवून टाकलं. वेगाचा नक्कीच नाही.

आमच्या ग्रुपमध्ये अनेक अल्ट्रा केलेला एक दादा आहे. त्याच्याशी बसून मी कागदावर चार गोष्टी लिहिल्या. चढ सगळे चालायचे, अगदी धावता येत असेल तरीसुद्धा. दर अर्ध्या तासानं घड्याळ वाजेल तेव्हा काहीतरी तोंडात गेलंच पाहिजे, भूक असो नसो. उतारावर मात्र स्वतःला सोडून द्यायचं, तिथे हात आखडायचा नाही. चौथी गोष्ट त्यानं स्वतः लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या: ‘वेल्ह्यात खुर्चीत बसायचं. दहा मिनिटांनी उठायचं. अजून एक तास जायचं.’

“फिनिश झाल्यावर?” मी विचारलं.

“तुझा फिनिश तिथे नाहीये ना,” तो म्हणाला.

सिंहगडाचा चढ आम्हा पुणेकरांच्या पायांना पाठ असतो आणि तीच खरी अडचण. अंधारात पुढे हेडलॅम्पची रांग वर सरकत होती, मागून लोकांचा श्वास ऐकू येत होता, कुणीतरी ‘जय भवानी’ म्हटलं की साऱ्या रांगेतून ‘जय शिवाजी’ उसळायचं, आणि मी आपली हात मांडीवर टेकून एक एक पाऊल टाकत चालले होते. श्वास इतका शांत की शेजारच्या मुलाला वाटलं मला बरं नाही. “ताई, ठीक आहात ना?” ठीक होते हो. ठीक असूनही हळू चालणं ही काय शिक्षा असते ते मात्र त्या चढावर कळलं. ज्या बायकांना मी एरवी लाँग रनला मागे टाकते त्या दोघी-तिघी माझ्या बाजूनं गेल्या. एक तर वळून गोड हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, पण पुढची दहा मिनिटं मी मनातल्या मनात तिला हाँगकाँगबद्दल सांगत होते.

थकवा कसा सहन करावा यावर धावणाऱ्यांच्या गप्पांत रात्र सरते. अंगात ताकद शिल्लक असताना ती न वापरणं कसं सहन करावं, यावर कोणी फारसं बोलत नाही. मला वाटतं, सरावाची शर्यत बिघडते ती बहुतेक इथेच. माणूस सरावाला म्हणून येतो, पहिल्या चढावर ओळखीचं कोणीतरी पुढे जातं, आणि तिथून पुढे तो शर्यतच धावतो. घरी जातो तो पदक आणि दुखरा गुडघा घेऊन. मुख्य शर्यतीला महिना उरलेला असतो आणि तो महिना फिजिओच्या दारात जातो. अशी किती उदाहरणं आमच्या ग्रुपात आहेत ते सांगत नाही, मंडळी हे वाचतात.

कल्याण दरवाज्यातून खाली उतरेपर्यंत झुंजूमुंजू झालं होतं. गडावर दह्याची मडकी घेऊन बसणाऱ्या मावश्या अजून आलेल्या नव्हत्या, चुलींचा धूर मात्र खालच्या वाड्यांवरून वर येत होता. पुढचा राजगडाच्या पायथ्यापर्यंतचा टप्पा शेतं, डांबरी, कच्चे रस्ते असा मिसळीचा. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ऊन चढत गेलं, मी धावत गेले. एका वस्तीजवळ वावरात काम करणाऱ्या एक आजी बांधावर येऊन उभ्या होत्या.

“काय गं, बक्षीस किती हाय?”

“काही नाही आजी. उलट आम्हीच पैसे भरलेत.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आन् मंग हे कशापायी?”

“पुढच्या महिन्यात याच्या दुप्पट पळायचंय, त्याची सवय.”

“दुप्पट,” त्या म्हणाल्या, आणि मागे वळून कुणालातरी ओरडून म्हणाल्या, “ऐकलं का, बाई पैसं भरून दुप्पट पळनार हाय!” मग पदराआडून एक काकडी काढून माझ्या हातात दिली. घड्याळ वाजायला अजून वेळ होता, पण काकडीला कोण नाही म्हणतं.

राजगडाच्या चढावर माझी खरी परीक्षा होती ती पोटाची. शरीरात साखरेचा साठा चार-पाचशे ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. डोंगरातली निम्मी सकाळ पळालं की त्यातला बराचसा संपतो. चरबी भरपूर असते (माझी तर आहेच), पण ती जळते सावकाश. म्हणून चालत्या गाडीत पेट्रोल घालत राहावं लागतं, आणि नुसतं ग्लुकोज घातलं तर आतडं तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे ते उचलत नाही. फ्रुक्टोज शोषलं जातं ते वेगळ्या मार्गानं, त्यामुळे दोन्ही मिसळून घेतलं तर नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते. परदेशी जेलच्या पाकिटांवर हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. आपली साखर आणि गूळ म्हणजे मुळातच ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी, त्यामुळे शेंगदाण्याची चिक्की काही अगदीच गावंढळ खाऊ नाही. आतडं हेही सरावानं शिकतं, पण त्याला शिकवायला पळता पळताच खावं लागतं. घरात सोफ्यावर बसून खाल्लेल्या चिक्कीनं फक्त आतडं सोडून बाकी सगळं वाढतं.

मी शाकाहारी आहे, त्यामुळे हाँगकाँगला वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर काय मिळेल यावर विसंबणार नाही. खिशात काय न्यायचं ते इथेच ठरवायचं होतं. सकाळी सगळ्यात आवडता होता राजगिऱ्याचा लाडू. राजगडाच्या चढावर, तोंडाला कोरड पडलेली असताना, मी त्याचा एक घास घेतला आणि त्याच क्षणी खोल श्वास घेतला. पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. राजगिऱ्याचे दाणे घशाला, टाळूला, नाकाला, कुठे कुठे चिकटले. मी दगडाला धरून ठसकत होते आणि मागून येणारा एक पोरगा पाठीवर थापा मारत होता. लाडू यादीतून गेला. खजूर चांगला, पण दुसऱ्या तासानंतर गोडाचीच शिसारी यायला लागली आणि तो दातांवर नुसता फिरायला लागला. मीठ लावलेला उकडलेला बटाटा मात्र प्रत्येक वेळी सरळ खाली गेला. आणि पोटात ढवळायला लागलं तेव्हा कामाला आली ती आवळा सुपारी. आई एसटीच्या घाटात द्यायची तीच. एक खडा गालात ठेवला, पाच मिनिटांत तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्यावर पुन्हा बटाटा गेला. हाँगकाँगच्या यादीत आता आवळा सुपारी हेडलॅम्पच्या सेलच्या वरच्या ओळीत आहे.

पाण्याचंही तसंच. उन्हात प्रत्येक टेबलावर पोरं प्रेमानं “प्या, प्या” म्हणत होती आणि दर वेळी लोक घटाघटा बाटल्या रिकाम्या करत होते. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते कोरड पडण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी तेरा टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं आढळलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं होतं. मी तहानेप्रमाणे प्यायले, मीठ-लिंबू घालून. यात हुशारी काही नाही, उन्हातल्या शेतमजुराला हे कोणी शिकवावं लागत नाही.

संजीवनी माची सुरू झाली आणि मला पहिल्यांदा धावायची परवानगी मिळाली. अडीच किलोमीटर लांब पसरलेली ही माची म्हणजे राजगडाचा पश्चिमेकडे ताणलेला हात. दुहेरी तटबंदी, बुरुजामागून बुरुज, आणि मधून जाणारी एक माणूस मावेल एवढी वाट. बाजूचं गवत वाळून पिवळं पडलेलं, वारा लागला की सगळ्या माचीवरून सळसळत जायचं. ट्रेकला आलं की इथे आपण बसतो, फोटो काढतो, ‘मावळे कसे पळत असतील’ म्हणून उसासे टाकतो. मला या उसाशांचा जरा कंटाळा आहे. मावळ्यांना वाटेत संत्र्याच्या फोडी घेऊन उभं असलेलं कोणी नव्हतं, आणि ते हौसेनंही पळत नव्हते. पण तटबंदी बांधणाऱ्याची नजर मात्र धावताना कळते: वाट कुठेही दूरवर सरळ दिसत नाही, पुढचं वळण तिथे पोचल्याशिवाय उलगडत नाही. दमलेल्या माणसाला ते फार सोयीचं असतं.

अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की उतार. आमच्या सह्याद्रीतला डिसेंबरचा उतार म्हणजे घसारा: वाळका मुरूम, बारीक खडी, वर वाळलेलं गवत, आणि धरायला कारवीच्या काटक्या. इथे बहुतेक लोक सावध होतात, बुडावर येतात, उतार संपेपर्यंत ब्रेक लावत जातात. कागदावरचा नियम मला उलट सांगत होता. त्याचं कारण असं की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा सगळा भार पेलतो. चढताना स्नायू आकसून काम करतो, त्यात तो दमतो, पण फारसा फाटत नाही. उतारावर त्याच्या तंतूंना बारीक बारीक चिरा जातात, आणि त्याचं दुखणं उगवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शंभर किलोमीटरमध्ये लोक मागे पडतात ते फार वेळा दमामुळे नाही. मांड्यांनी उतार पेलणं सोडून दिलेलं असतं. गंमत अशी की एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बऱ्याच कमी नुकसानीत सोसतो. याचा अभ्यास झालेला आहे, त्याला ‘रिपीटेड बाउट इफेक्ट’ म्हणतात. म्हणजे आज उतारावर मांड्या फोडून घेतल्या तर जानेवारीत त्या कमी फुटणार. शर्यतीच्या महिनाभर आधी हे त्रेपन्न किलोमीटर धावण्यामागे, दादाच्या मते, एवढं एकच शास्त्रीय कारण होतं. बाकी सगळी हौस.

म्हणून मी सुटले. नजर चार पावलं पुढे, पावलं आखूड, हात पसरलेले, मुरूम पायाखालून सरकायच्या आत पुढचं पाऊल. सकाळी माझ्याकडे पाहून गोड हसलेली ती बाई इथे एका दगडाला धरून उतरत होती. मी तिच्या बाजूनं गेले तेव्हा मलाही हसावंसं वाटलं, पण श्वास नव्हता.

तोरण्याची सोंड मी फार वर्णन करत नाही. दुपारचं ऊन, सावली नाही, एक टेपाड संपलं की दुसरं, आणि बुधला माचीचा तो पालथ्या बुधल्यासारखा सुळका तासभर समोर दिसतोय पण जवळ यायला तयार नाही. मी चढ चालले, घड्याळ वाजलं की बटाटा खाल्ला, वेल्ह्याच्या बाजूच्या उतारावर पुन्हा सुटले. एका पायाच्या करंगळीला फोड आला होता आणि तो फुटला होता हे मोजा ओला लागल्यावर कळलं. अंगावर घासल्याच्या जागा कुठे कुठे आहेत हे तेव्हा कळत नाही. ते घरी पहिला तांब्या गरम पाणी ओतल्यावर एका दमात कळतं, विशेषतः बायकांना, पट्ट्याखाली. व्हॅसलीन कितीही लावा, एक जागा राहतेच.

वेल्ह्यात फिनिशची कमान, ढोल, गळ्यात पदक. उन्हं उतरायला लागली होती. आणि कमानीपलीकडे एका झाडाखाली माझा नवरा घडीची खुर्ची मांडून उभा.

आता खुर्चीबद्दल. अल्ट्रा धावणाऱ्यांत खुर्चीचं नाव जरा दबकूनच घेतलं जातं. शर्यत सोडून देणारे बहुतेक लोक ती वाटेवर सोडत नाहीत, खुर्चीत सोडतात. वाटेवर असेपर्यंत पुढचं पाऊल टाकणं हाच सगळ्यात सोपा मार्ग असतो. बसलं की न टाकणं सोपं होतं. हाँगकाँगमध्ये ही खुर्ची बहुधा शिंग मून धरणाच्या आसपास भेटेल. समोर नीडल हिलच्या पायऱ्या, रात्र, अंगावरचा घाम गार होत चाललेला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे थंडीची लाट आली होती तेव्हा ताइ मो शानवर बर्फ धरलं आणि शर्यतीतली माणसं निसरड्या रस्त्यावर अडकून पडली होती. एरवी एवढी थंडी पडत नाही, पण वारा असतोच. अशा जागी बसल्यावर उठता येतं का, हे कोणत्याही पुस्तकातून कळणार नव्हतं.

मी बसले. पहिली दोन मिनिटं स्वर्ग. मग नवऱ्यानं ताक पुढे केलं, मी बूट काढायला वाकले आणि उजव्या मांडीच्या मागे असा गोळा आला की ताक त्याच्या पँटवर. मोजा पायातून निघेना. ओला, मातीनं कडक झालेला, करंगळीशी रक्तानं चिकटलेला. बसून वाकावं तर गोळा येतो, पाय गुडघ्यावर घ्यावा तर दुसऱ्या बाजूनं गोळा येतो. शेवटी नवऱ्यानं खाली उकिडवं बसून तो सोलून काढला. कोरडा मोजा चढवायलाही त्यालाच लागावं लागलं. तेवढ्यात दहा मिनिटं होऊन गेली.

आजूबाजूला लोक गटागटानं बसले होते. कोणी पिठलं-भाकरी खात होतं, कोणी घरी फोन करून “झालं, झालं” सांगत होतं. गार वारा सुटला होता आणि अंगावर काटा येत होता. माझ्या डोक्यात एक अत्यंत समंजस आवाज बोलू लागला. म्हणाला, फोड आलाय, इन्फेक्शन झालं तर? सरावाचा हेतू साध्य झालाच आहे. उतार झाले, खाणं कळलं. उगाच आता दुखापत कशाला? एक तास जास्त चालून कोणाचं काय होणार आहे? या आवाजाचं वैशिष्ट्य असं की त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. डोंगरात जे आवाज येतात ते ‘मला झेपत नाही’ असं रडत येतात, त्यांना ओळखणं सोपं असतं. खुर्चीतला आवाज हिशोबनिसासारखा बोलतो.

आणि मग ते गणित आलंच: हाँगकाँगला जे आत्ता झालं ते पुन्हा तेवढंच. सिंहगडापासून पुन्हा. त्या विचारानं पोटात गोळा आला, आणि तो मांडीतल्यापेक्षा वाईट होता.

नवऱ्याला कागदावरच्या चौथ्या ओळीबद्दल ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, फक्त हेडलॅम्प माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “अगं, मी खुर्ची घडी करू का? मुलं उभी आहेत, त्यांना सामान आवरायचंय.” तो खोटं बोलत होता, खुर्ची आमचीच होती. पण मी उठले. उठले म्हणजे त्याच्या खांद्याला धरून उभी राहिले, आणि पाय लाकडाचे झाले होते. पहिली शंभरेक पावलं मी गावातल्या म्हाताऱ्या बैलासारखी टाकली असतील. एका स्वयंसेवक मुलानं धावत येऊन सांगितलं, “मॅडम, फिनिश तिकडे होतं, तुम्ही झालात!” त्याला काय सांगणार?

रस्त्यावर अंधार पडत होता. मार्गासनीच्या दिशेनं मी चालत निघाले, मग पायांत थोडी ऊब आल्यावर पावलं लांबली, मग एका उतारावर चक्क पळायला झालं. घामानं गार पडलेलं अंग पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागली, आणि मला त्या दिवशी जे हवं होतं ते एवढंच होतं. थकवा कमी झाला असं अजिबात नाही. फक्त खुर्चीत बसून ज्या पायांचा मी अंदाज बांधत होते ते पाय आणि रस्त्यावर वीस मिनिटं चालल्यानंतरचे पाय हे निराळे होते. हे मला डोक्यानं माहीत होतं. आता मांड्यांनाही माहीत झालं. मागून नवरा गाडी अगदी पहिल्या गिअरमध्ये घेऊन येत होता, पार्किंग लाइट लावून. समोरून येणारे टेम्पोवाले थांबून विचारत होते, “काय झालं, गाडी बंद पडली का?” तो एकेकाला उत्तर देत होता. तासभरानं मी गाडीत बसले, आणि त्यानं हीटर सुरू केला तेव्हा मी त्याला बंद करायला सांगितलं नाही.

पुढचे तीन दिवस जिना म्हणजे शत्रू. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसते, उतरताना कठड्याला धरून उलटी उतरत होते, आणि शिपायानं विचारलं, “मॅडम, गुडघे बदलायचे का?” मांड्या फाटल्या होत्या, म्हणजे योजनेप्रमाणेच चाललं होतं. आठवडाभरात पाय परत आले. बूट अर्ध्या नंबरानं मोठे घेतलेत, दिवसभरात पाय सुजतात त्याला जागा हवी म्हणून. बोटं वेगळी असलेले मोजे आणलेत. वारा अडवणारं जाकीट आता बॅगेत तळाशी नाही, वरती राहील, कारण गार पडल्यावर बॅग उपसत बसणं म्हणजे पुन्हा खुर्चीच.

नवरा हाँगकाँगला येणार नाहीये, त्याला रजा नाही आणि दोघांचं तिकीट आम्हाला परवडतही नाही. त्यामुळे शिंग मूनला खुर्ची घडी करायला कोणी नसेल. दादाशी बोलून ठरवलंय की तिथे बसायचंच नाही. बाटल्या उभ्यानं भरायच्या, बटाटा उभ्यानं खायचा, फोडाकडे उभ्यानंच पाहायचं. राहता राहिला प्रश्न मोज्यांचा. एका पायावर उभं राहून, दुसऱ्या मांडीत गोळा न आणता ओला मोजा काढून कोरडा कसा चढवायचा, याचा सराव सध्या रोज लाँग रनवरून आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला कंबर टेकून चालू आहे. डावा जमतो. उजवा अजून नाही.